बारोलो: मोठ्या पिंपातली की लहान पिंपातली?
(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

मुरवण
बारोलो ही इटलीच्या पिएमोन्त प्रांतातली, आल्बा शहराजवळच्या ११ गावांच्या टेकड्यांवरची लाल वाइन. द्राक्ष एकच, नेब्बिओलो. काढणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडात. पिंप केवढं असावं हे कायदा सांगत नाही आणि सगळा वाद तिथेच आहे.

माझं मत: बारोलो मोठ्या पिंपातलीच. रस सालींसकट ३० ते ५० दिवस ठेवायचा आणि मग अडीच ते पाच हजार लिटरच्या, स्लाव्होनियन (क्रोएशियातल्या) ओकच्या जुन्या ‘बोत्ते’त, म्हणजे मोठ्या पिंपात, भरायचा. एवढ्या मोठ्या पिंपात वाइनच्या मानाने लाकडाचा स्पर्श थोडाच होतो. लाकडाची चव उतरत नाही, हवा मात्र सावकाश लागत राहते. पेल्यात आरपार दिसणारी, विटकरी कडेची वाइन येते; वास सुकलेल्या गुलाबाचा, डांबराचा. तीच २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच बॅरिकमध्ये, म्हणजे लहान पिंपात, घातली की आधी व्हॅनिला येतो. मग नेब्बिओलोच कशाला लावायची?

कडूगोड
साफ असहमत. ज्याला परंपरा म्हणून डोक्यावर घेतलं जातं त्यात बरंच काही बिघडलेलं होतं. जुनी पिंपं आतून नीट स्वच्छ होत नव्हती. त्यात ब्रेट नावाचं यीस्ट घर करायचं आणि वाइनला तबेल्याचा वास यायचा. वर्षानुवर्षं पिंपात ठेवून फळाची चव उडून जायची, उरायचा तो तुरटपणा. १९८३ साली बारोलोचे उत्पादक एलिओ आल्तारे यांनी ला मोर्रा या बारोलोच्याच एका गावातल्या घरच्या तळघरातली वडिलांची पिंपं यंत्रकरवतीने कापली, ती काही हौस म्हणून नाही.

आल्तारेंच्याच पिढीने घडांची विरळणी आणली. नाशिककडच्या बागायतदारांना ती नवी नाही, पण बारोलोतल्या म्हाताऱ्यांना हिरवे घड पाडणं पाप वाटायचं. आंबवण कमी दिवसांची करण्यामागेही हिशेब आहे: सालींचा रंग पहिल्या काही दिवसांत, रसात अल्कोहोल कमी असतानाच उतरतो, बियांचा कडक टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) अल्कोहोल वाढल्यावर. म्हणून ८-१० दिवसांत रस वेगळा करायचा.

मुरवण
ब्रेट हा अस्वच्छतेचा दोष, आकाराचा नाही. वापरलेल्या बॅरिकमध्येही तो तितकाच होतो.

बियांचं म्हणणं अर्धंच खरं. बी हिरवी असेल तर टॅनिन बोचतो; ऑक्टोबरपर्यंत थांबून बी तपकिरी झाल्यावर काढणी केली तर तसा बोचत नाही. शिवाय जुन्या पद्धतीत वर आलेला सालींचा थर फळ्या लावून रसात बुडवून ठेवतात. घुसळणं नाही, त्यामुळे टॅनिन सौम्यपणे उतरतो. जुन्या पद्धतीचे उत्पादक बार्तोलो मास्कारेल्लो यांनी लेबलवर स्वतःच्या हाताने ‘बॅरिक नको, बेर्लुस्कोनी (इटलीचे राजकीय पुढारी) नको’ असं लिहिलं, ते याच कळकळीने.

चुनखडी
पिंपावरून भांडताय, पण माती कुठे गेली? ला मोर्राची माती निळसर, चुनखडीची, त्यामानाने भुसभुशीत. तिथली वाइन सुगंधी, लवकर उमलणारी. सेर्रालुंगा या दुसऱ्या गावाची जुनी आणि घट्ट. तिथली वाइन १०-१५ वर्षं आवळलेलीच राहते. सहा वर्षांची सेर्रालुंगा उघडायची, कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळली की दोष पिंपाला द्यायचा, हे बरोबर नाही. २०१० पासून मळ्यांच्या आणि गावांच्या मिळून १८१ हद्दींची नावं अधिकृत आहेत. लेबलवर आधी ते नाव वाचा.

कडूगोड
मातीचं मान्य. पण पिणारा कुठे राहतो तेही बघा. पुण्या-नागपुरातल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेच्या उकाड्यात १५ वर्षं बाटली सांभाळायची कशी? आतली वाइन फुगून कॉर्क वर सरकतो, कडेने पाझरतो आणि वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास येतो. सहा-सात वर्षांत पिता येणारी बारोलो अशा माणसासाठी तडजोड नाही, तीच योग्य. आणि आज दोन्ही टोकांना थोडेच उत्पादक उरलेत. बरेच जण १५-२० दिवसांची आंबवण आणि ५०० लिटरच्या पिंपांवर किंवा परत मोठ्या पिंपांवर आलेत.

तळपेला
उघडण्याबद्दल कुणीच लिहीत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच आहेत. वाइन १६ ते १८ अंशांवर हवी. घरात ३० अंश असेल तर बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर अल्कोहोलच नाकात जातं. कोवळी बाटली दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओता. वीस वर्षांच्या पुढची मात्र दिवसभर उभी ठेवा, मानेखाली दिवा धरून सावकाश ओता, गाळाची रेघ मानेपाशी आली की थांबा आणि लगेच प्या. तासन्‌तास उघडी ठेवली तर वास निघून जातो.

तांबड्या रश्श्याबरोबर नको. १४ टक्के अल्कोहोल आणि टॅनिन मिळून तिखट जास्तच झोंबतं. कमी तिखटाचं, सावकाश शिजवलेलं मटण घ्या. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला धरून ठेवतात, तुरटपणा लगेच उतरतो.

मुरवण
साठवणीचा मुद्दा वजनदार आहे, मानलं. तरी एकाच गावच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवा, एक मोठ्या पिंपातली, एक नव्या बॅरिकमधली. पेले रात्री न धुता तसेच राहू द्या आणि सकाळी रिकाम्या पेल्यांचा वास घ्या. एकात भाजलेलं लाकूड असेल, दुसऱ्यात अजून गुलाब.