१७ फुटी बोट डावीकडे कलते, नाक वर काढते : ट्रिम टॅब कोणते घ्यावेत?

डावीकडे_कललेला

ट्रिम टॅब, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला तळाशी लावतात त्या खाली-वर होणाऱ्या पट्ट्या, घ्यायचेत (पट्टी खाली सोडली की ती मागची बाजू उचलली जाते). बोट १७ फुटी, फायबरची, मधे कन्सोल (सुकाणू आणि स्विचचा खांब), मागे बाहेरून टांगलेलं ७० अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. वापर एकच, सुट्टीच्या दिवशी गरवायला जाणं. मागच्या वर्षी जुनं दोन-स्ट्रोक काढून चार-स्ट्रोक लावलं, ते वीसेक किलोंनी जड निघालं. तेव्हापासून तीन दुखणी मागे लागली आहेत.

थ्रॉटल दिला की नाक आभाळाकडे. पुढचं पाणी दिसावं म्हणून मी चवड्यांवर उभा. एकदा बोट पाण्यावर चढून सपाट धावू लागली की ठीक, पण वेग १६ नॉटच्या खाली आला की ती मागे बसते. लाटा असल्या की मला १२-१३ नॉटनेच जायचं असतं आणि नेमकं तेच जमत नाही.

दुसरं, २२ च्या वर गेल्यावर इंजिन जरा बाहेर ट्रिम केलं, म्हणजे त्याचा खालचा भाग बोटीपासून दूर तिरका केला, की नाक वर-खाली आपटायला लागतं, घोड्यावर बसल्यासारखं.

तिसरं, डावीकडे कलते. मित्र उजव्या कठड्याशी बसला की सरळ होते. तो गृहस्थ वर्षभर माझा ट्रिम टॅब म्हणून फुकटात राबतोय, आणि आता म्हणतो, मलाही कधीतरी डावीकडे गळ टाकू दे की!

म्हणून खरे टॅब लावायचे ठरवलंय. केवढे घेऊ? विजेवरचे की तेलावरचे? आणि हसणार नसाल तर सांगतो, मी ‘ट्रिम टॅब’ असं लिहून एक मागवला होता. खोक्यातून पंजाएवढा तिरका धातूचा तुकडा निघाला.

जुनंसुकाणू

हसलो, पण माझ्याकडेही तसाच एक पडलाय. तो इंजिनाच्या पंख्यावरच्या आडव्या पट्टीखाली लागतो. सुकाणू एका बाजूला ओढत असेल तर त्याची दिशा थोडी फिरवून ओढ कमी करतात. बऱ्याच इंजिनांत तोच गंज स्वतःवर घेणारा अ‍ॅनोडही असतो. तुमच्या इंजिनाचा झिजला असेल आणि हा त्याच मापाचा असेल तर ठेवून द्या. बोटीच्या कलण्याशी त्याचा संबंध नाही.

आता टॅबकडे वळण्याआधी एक सांगा. मासे जिवंत ठेवायची टाकी कुठे आहे? बॅटऱ्या कुठे आहेत? मित्र उजवीकडे बसल्यावर बोट सरळ होते याचा अर्थ डावीकडे एका माणसाएवढं काहीतरी कायमचं बसलंय. टॅब ते झाकतील, पण फक्त बोट धावत असताना. टॅबला बळ येतं ते वाहत्या पाण्याचं. तुम्ही इंजिन बंद करून गळ टाकून बसलात की बोट परत डावीकडे. शिवाय कायम एक टॅब खाली ठेवून चालवणं म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवणं.

हेही बघा : बोट ट्रेलरवर घेऊन नाक उंच करा आणि मागचं बूच काढा. पाणी किती वेळ गळतं? डेकखालचा फोम पाणी प्यायला असेल तर तुम्ही इंजिनाला उगाच दोष देताय.

तारजोड

वर सुकाणूकाकांनी म्हटलंय ते आधी करा. त्यानंतर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

तेलावरच्यात (बेनेटचे यात जुने आणि प्रसिद्ध) पंप आणि तेलाची टाकी बोटीच्या आत, कोरड्या जागी बसते. बाहेर फक्त सिलिंडर आणि नळी. वीज पाण्याबाहेर राहते हा मोठा फायदा. तोटा असा की आत पंपाला जागा काढावी लागते, नळ्या ओढाव्या लागतात आणि अधूनमधून तेलाची पातळी बघावी लागते. विजेवरच्यात (लेंको हे त्यातलं ओळखीचं नाव) प्रत्येक टॅबच्या दांड्यातच मोटर असते. आत फक्त वायर आणि स्विच. छोट्या बोटीत जिथे मागे बॅटरी, फिल्टर, बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) सगळं कोंबलेलं असतं तिथे हेच सोपं पडतं. पण दांडा सीलबंद असतो. त्यात पाणी शिरलं तर दुरुस्ती नाही, अख्खा बदलायचा.

माझा एक असाच गेला आणि चूक माझीच होती. वायर कमी पडली म्हणून मी ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) बाहेर, पाण्याच्या रेषेखाली जोड दिला आणि वर टेप गुंडाळली. खाऱ्या पाण्याने एका हंगामात तांबं हिरवं केलं, आणि तारेच्या पोटातून ओल थेट मोटरपर्यंत गेली. जोड नेहमी आत, उंचावर, उष्णतेने आवळणाऱ्या गोंदवाल्या नळीत. फ्यूज कंपनी सांगेल त्याच मापाचा.

स्विच घेताना किल्ली बंद केली की टॅब आपोआप वर घेणारा घ्या. टॅब खाली राहिलेले असताना रिव्हर्स मारला की पाणी पट्टीच्या पाठीवर आपटतं. बिजागरी किंवा दांडा वाकायला एवढंच पुरतं.

शांतपाणी

एवढा खटाटोप कशाला? इंजिनाच्या पंख्यावरच्या त्या आडव्या पट्टीवर प्लास्टिकचे पंख लावा, अर्ध्या तासाचं काम. नाहीतर गॅसच्या दांड्यांवरचे स्मार्ट टॅब. ना वायर, ना स्विच. माझ्या १४ फुटीला लावलेत, बोट पटकन पाण्यावर चढते आणि आपटणं बंद झालं.

जुनंसुकाणू

१४ फुटीला छानच आहेत, वाद नाही. कमी वेगात गॅसचा दाब पट्टी खाली धरून ठेवतो, वेग वाढला की पाणीच ती वर ढकलतं. पण दोन्ही बाजू स्वतःच्या मर्जीने चालतात, एक खाली एक वर असं तुम्हाला ठरवता येत नाही. पंखांचंही तसंच, ते इंजिनाबरोबर मधोमध असतात. नाक खाली येईल, पण कलणं तसंच राहील.

आणि कलणं म्हणजे फक्त वजन नव्हे. कडेने वारा असला की व्ही-तळाची बोट वाऱ्याच्याच अंगाला झुकते. नवख्याला वाटतं वारा तिला पलीकडे लोटेल, होतं उलटं. वारा नाक ढकलतो, ते सरळ ठेवायला आपण सुकाणू वाऱ्याकडे धरतो, आणि वळणारी बोट वळणाच्या आत झुकते तशी ती झुकून राहते. मग सगळे तुषार वाऱ्याकडच्या माणसाच्या तोंडावर. इथे बॅटरी हलवून काय होणार? उद्या वारा दुसऱ्या बाजूने असेल. वेगवेगळे हलणारे दोन टॅब खरे यासाठी घ्यायचे.

माप. ढोबळ नियम असा की बोटीच्या प्रत्येक फुटामागे प्रत्येक बाजूला एक इंच रुंदी. म्हणजे तुम्हाला दोन्हीकडे १७ इंचांच्या आसपास. रुंदी म्हणजे ट्रान्समला समांतर. मागे निघालेली बाजू म्हणजे लांबी, ती साधारण ९ इंच असते. जागा असेल तर रुंदी वाढवा, कारण कमी वेगात रुंद पट्टी जास्त उचलते आणि तुमचं दुखणं १२-१३ नॉटचंच आहे. जागा नसेल तर कमी रुंदी आणि १२ इंच लांबी, ही आउटबोर्डवाल्यांची नेहमीची तडजोड. मापं वाचताना चित्र बघा. ९×१२ लिहिलं असेल तर कुणी रुंदी आधी लिहितं, कुणी लांबी.

लहान घेऊन पूर्ण खाली सोडण्यापेक्षा मोठी घेऊन थोडी खाली सोडलेली बरी. लहान पट्टी पूर्ण खाली गेली की उचलणं कमी, ओढच जास्त.

जागा मोजताना इंजिनाच्या मध्यरेषेपासून ८ इंच सोडा, नाहीतर टॅबने ढवळलेलं पाणी पंख्यात जातं. तळाच्या बाहेरच्या कडेपासून तीनेक इंच आत राहा, नाहीतर तुषार उडतात. बिजागरी तळाच्या रेषेपेक्षा जराशी वर, पाव इंच धरा. तळाखाली उतरली तर टॅब वर असतानाही ती पाणी अडवत राहते.

डावीकडे_कललेला

काका, तुम्ही माझ्या बोटीत लपून बसला होतात का? माशांची टाकी मागे डावीकडे, ६० लिटरची. दोन्ही बॅटऱ्या तिच्याच शेजारच्या कप्प्यात, प्रत्येकी २२ किलो. म्हणजे टाकी भरली की १०४ किलो एका कोपऱ्यात. मित्र ८१ चा आहे. हिशेब जुळला आणि मला माझीच लाज वाटली.

बुचातून पाणी आलं ते कपभर. फोम कोरडा असावा.

रविवारी दोन्ही बॅटऱ्या कन्सोलखाली आणल्या, वायर जाड घेतली. टाकी रिकामी ठेवून गेलो तर बोट जवळपास सरळ. भरली की अजून थोडी झुकते, पण मित्राला आता मोकळीक आहे. नाकही किंचित खाली आलं. आपटणं २२ ऐवजी २४-२५ ला सुरू होतं. मात्र १३ नॉटला ती अजून टिकत नाही, आणि परत येताना कडेचा वारा होता, तो वाचून गेलेला धडा सगळा अंगावर घेऊन आलो.

म्हणजे टॅब हवेतच. ट्रान्सम मोजला, मध्यरेषेपासून कडेपर्यंत ३० इंच. ८ आणि ३ वजा करून १९ उरतात. म्हणून १८ रुंद बसेल असं वाटलं, पण उजवीकडे मध्यरेषेपासून १२ इंचांवर फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडून मासे टिपणारा भाग) आहे.

जुनंसुकाणू

ट्रान्सड्यूसर हलवू नका. तुमचा पंखा मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर उजवी बाजू त्याच्यासाठी योग्यच आहे, आणि पंख्याच्या आणखी जवळ नेला तर बुडबुड्यांशिवाय काही दिसणार नाही. टॅबच्या मागे तर अजिबात नको. १२ रुंद, १२ लांब घ्या. कडेपासून ३ इंच सोडले की टॅब मध्यरेषेपासून १५ ते २७ मधे बसतो, ट्रान्सड्यूसरला श्वास घ्यायला जागा राहते. डावीकडेही तेच माप, तिथे जागा जास्त आहे म्हणून मोठा लावू नका.

कोपरे गोल असलेले बघा. मासा बोटीखालून मागे पळाला की दोर नेमका टॅबच्या टोकाला घासतो. मी एक चांगला मासा असाच घालवलाय, त्याबद्दल अजून बोलवत नाही.

भोकं पाडताना ट्रान्सममध्ये लाकूड असेल तर प्रत्येक भोकात सीलंट गच्च भरा. आणि मागून लाटा येत असतील तेव्हा दोन्ही टॅब वर. नाक खाली दाबलं असेल तर ते पुढच्या लाटेत रुततं आणि मागची लाट बोट आडवी फिरवते. समोरून लाटा असतील तेव्हा थोडे खाली, म्हणजे तळाची धार लाट कापते.

तारजोड

बोट पाण्यातच बांधून ठेवणार असाल तर टॅबला झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) लावा. आणि दांड्याच्या सरकत्या भागाला रंग फासू नका.

डावीकडे_कललेला

बसवले. १२×१२, विजेवरचे, जोड सगळे आत. चढताना इंजिन आत, टॅब अर्धे खाली, नाक वर जायच्या आतच बोट सपाट. १२.५ नॉटला टिकते. २६ ला टॅब एक टिचकी खाली दिले की आपटणं थांबतं.

फक्त पहिल्या दिवशीचा प्रसंग. मित्र ऐटीत डावीकडे बसला, टाकी भरलेली, बोट डावीकडे झुकली. डावी बाजू उचलायची म्हणून मी डावं बटण पुढे दाबलं. बोट आणखी झुकली. मी आणखी दाबलं. मित्र कमरेपर्यंत भिजल्यावर स्विचवरची अक्षरं नीट वाचली. तिथे ‘नाक खाली’ लिहिलंय, आणि डावं बटण उजवा टॅब खाली नेतं, कारण उजवी मागची बाजू उचलली की डावं नाक खाली जातं. म्हणजे जी बाजू वर दिसते तिचंच बटण पुढे दाबायचं. स्विचखाली आता पांढऱ्या टेपवर तेवढंच लिहून ठेवलंय. मित्र सध्या उजवीकडेच बसतोय.