झडप, कवाड की वॉल? आणि ‘बंद पडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

गोदाकाठी (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, एक शब्द अडलाय. आम्ही चौघं मिळून औषध सोडणारा छोटा पंप करतोय. कमरेला लावायचा, काडेपेटीहून जरा मोठा. अजून टेबलावरच आहे, आत औषध नाही, रंगीत पाणी आहे. त्याचं मराठी माहितीपत्रक माझ्या गळ्यात पडलं, कारण चौघांत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मी एकटाच.

‘व्हॉल्व्ह’ला मी पुस्तकातला ‘झडप’ लिहिला. आईनं वाचलं आणि विचारलं, "हे कुणावर झडप घालतंय?" तिच्या तोंडी झडप घारीची असते, नाहीतर भुताची. शब्द बदलू का? बदलला तर काय लिहू?

अडलेलं वाक्य असं: "झडप बंद पडल्यास पंप आपोआप बंद होतो व गजर वाजतो."

निवृत्त मास्तर (अंबाजोगाई)

‘झडप’ चुकीचा नाही. शाळेत हृदयाच्या झडपा आम्ही वर्षानुवर्षे शिकवल्या. बिजागरीवर हलणारी फळी हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. पण आईंचा आक्षेप मोडून काढू नका, ऐकणाऱ्याच्या मनात आधी कोणता अर्थ येतो ते महत्त्वाचं.

गंमत अशी की इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘वाल्वा’ आहे, म्हणजे दुमडत्या दाराची एक फळी. हिंदीवाले हृदयाच्या झडपेला ‘कपाट’ म्हणतात, तेही संस्कृतात दाराची फळीच. आपण मात्र कपाटात कपडे ठेवतो आणि त्याच कपाटाचं झालेलं ‘कवाड’ घराला लावतो. म्हणजे तिन्ही भाषांनी पाहिलं दारच. मी असतो तर ‘कवाड’ लिहिलं असतं. आपल्या मराठवाड्यात अजून कवाडच लोटतात.

पंपाचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. पोर्तुगीजांचा ‘बोंबा’ म्हणजे पंप. त्यावरून आपला बंब. आग विझवणारा बंब हा नावानं खरा पंप आहे, न्हाणीघरातल्या बंबानं ते नाव कसं पळवलं कोण जाणे.

मोसंबीवाला (जालना)

गुरुजी, कवाड भारीय, पण दुकानात जाऊन ‘कवाड द्या’ म्हटलं तर सुताराकडं पाठवतील. आमच्याकडं सरळ ‘वॉल’ म्हणतात. बॉल वॉल, एअर वॉल. विहिरीच्या पाइपाखाली पाणी धरून ठेवायला असतो त्या फूट व्हॉल्व्हला तर अर्धा गाव ‘फुटबॉल’ म्हणतो, आणि दुकानदार न हसता काढून देतो.

पण जुना शब्द पाहिजे असेल तर ‘दारं’ घ्या. पाटाच्या पाण्याला रात्रभर दारं धरायची. एका वाफ्याचं दारं खोऱ्यानं फोडायचं, भरलेल्या वाफ्याचं मातीनं बुजवायचं. आमचे आजोबा ठिबक येण्याआधी हेच करायचे. तुमच्या पंपात पण दुसरं काय चाललंय? एक दारं उघडं, एक बुजलेलं.

वॉर्ड नंबर तीन (लातूर)

मी नर्स आहे. पेशंटचे नातेवाईक ‘व्हॉल्व्ह बदलला’ म्हणतात, झडप कुणी म्हणत नाही. तो वाद तुम्ही घाला. माझं भांडण तुमच्या वाक्याशी आहे, दादा.

"झडप बंद पडल्यास." म्हणजे मिटली, की बिघडली? आणि बिघडली असेल तर उघडी राहून बिघडली की मिटून बसली? रात्री दोन वाजता मला एवढंच कळायला पाहिजे की औषध आत चाललंय की थांबलंय. तुमच्या वाक्यातून ते कळत नाही. मग पुढं "पंप आपोआप बंद होतो", हा बंद तिसराच.

रिवायंडिंगवाला (उदगीर)

सिस्टर बराबर बोलू लाल्यात. माझ्या दुकानात रोज हाच घोळ. वॉल बंद म्हणजे पाणी थांबलं. सर्किट बंद म्हणजे करंट चालू, आयटीआयच्या पुस्तकात ‘बंद परिपथ’ तोच. मोटर बंद म्हणजे कुणीतरी बटण दाबलं. मोटर बंद पडली म्हणजे जळाली, माझ्याकडं आणा. एका ‘बंद’ची चार कामं. वॉल गंजून उघडाच अडकला अन् पाणी वाहू लालंय, तरी गडी येऊन सांगतो, "मालक, वॉल बंद पडलाय."

गोदाकाठी

सिस्टर, रिवायंडिंगवाले दादा, तुम्ही दोघांनी माझी झोप उडवली. मी शब्द विचारायला आलो होतो आणि निघाली ती रचनेतली चूक. निदान ती सांगण्यातली तरी.

आमच्या पंपात एक पातळ पडदा वरखाली होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रबरी जीभ. पडदा वर गेला की पिशवीकडची जीभ उघडते, खाली आला की ती मिटते आणि पेशंटकडची उघडते. फुटबॉलसारखंच, फक्त फुटबॉल मुठीएवढा आणि ही जीभ तिळाएवढी. दुखणंही तेच: फुटबॉलच्या बैठकीवर वाळूचा खडा बसला की पाइप रात्रीत रिकामा होतो, इथं डोळ्याला न दिसणारा कण पुरतो. म्हणून आधी गाळणी.

पण खरी भीती वेगळी आहे. या दोन्ही जिभा एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या. उलटा प्रवाह त्या अडवतात, सुलटा अडवत नाहीत. पिशवीवर कुणी बसलं, पट्ट्यात ती दाबली गेली, की पडदा हलला नाही तरी दोन्ही जिभा उघडतात आणि औषध सरळ आत. पंप बंद, वीज बंद, आणि औषध चालू! म्हणून आम्ही पिशवी कडक डबीत घातली आणि पुढं तिसरी झडप लावली. ती स्प्रिंगनं मिटलेली असते, वीज मिळाली तरच उघडते. ‘झडप’ असं मी लिहिलं होतं ते हिच्याबद्दल, पण तिन्हींना एकच शब्द वापरला.

निवृत्त मास्तर

मग तुमच्याकडं दोन वस्तू आहेत आणि नाव एकच. घरात बघा. लोटलेलं दार आणि कडी लावलेलं दार यांत आपण फरक करतोच की. लोटलेलं दार एका बाजूच्या वाऱ्यानं आणखी घट्ट बसतं, दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यानं उघडतं. कडी लावली की वारा कुठूनही येवो.

गोदाकाठी

गुरुजी, हे घेतलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी मला इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

यावरून एक आठवलं. निकोला टेस्ला या संशोधकानं 1920 साली पेटंट घेतलेली एक झडप आहे. तिला फळी नाही, जीभ नाही, हलणारं काहीच नाही. नुसते वळसे. एका दिशेला प्रवाह सहज जातो, उलट आला की वळशांत स्वतःलाच धडकतो. अडत नाही, फक्त हैराण होतो. चिकटायला किंवा झिजायला काही नसल्यानं सूक्ष्म पंप करणाऱ्यांना ती आवडते. पण पंप थांबल्यावर ती काहीच थोपवत नाही, त्यामुळं औषधाच्या वाटेवर तिच्या एकटीच्या भरवशावर राहता येत नाही. तिला कवाड म्हणाल का?

मोसंबीवाला

ती नाल्यातली वळणं झाली. दारं नाही.

दादा, आम्ही ठिबकमधून व्हेंचुरीनं, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीनं खत खेचणाऱ्या नळीनं, खत सोडतो तेव्हा मागं नॉन रिटर्न वॉल लावतो, पाणी उलटं न सोडणारा, नाहीतर लाईट गेली की खताचं पाणी विहिरीत उतरतं. तुमच्याकडं असलं काही होतं का? आणि आमचा ड्रिपर तासाला चार लिटर टाकतो, तुमचा किती?

गोदाकाठी

ऐका. इन्सुलिनचं उदाहरण घेऊ. पंपात शंभराचं इन्सुलिन भरतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. एक युनिट म्हणजे 10 मायक्रोलिटर. समजा एखाद्याला तासाला 0.6 युनिट लागतं, तर तासाला फक्त 6 मायक्रोलिटर. आमचा पडदा एका ठोक्याला अर्धा मायक्रोलिटर ढकलतो, म्हणजे पाच मिनिटांनी एक ठोका. आणि सलाइनच्या साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मग एक थेंब किती झाला? 50 मायक्रोलिटर. पाच युनिट! या माणसाचा आठ तासांहून जास्तीचा साठा एका थेंबात.

म्हणून पत्रकातून ‘थेंब’ शब्द मी काढून टाकला. मराठीत थेंब म्हणजे क्षुल्लक, ‘थेंबभर’ म्हणजे नसल्यासारखंच. इथं थेंबभर चूक ही फार मोठी चूक.

वॉर्ड नंबर तीन

त्यात आपल्याकडं चाळीसचं इन्सुलिनपण आहे, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. लाल टोपणाची सिरिंज चाळीसची, नारिंगी शंभराची. अदलाबदल झाली की अडीचपटीचा फरक. पत्रकात ‘इन्सुलिन भरा’ एवढंच लिहू नका.

मोसंबीवाले भाऊ, तुमची विहीर आमच्याकडंही आहे. साधी सलाइन आणि पंपाचं औषध एकाच सुईला जोडलेलं असतं. सुई तुंबली की पंप ढकलतच राहतो आणि औषध सलाइनच्या नळीत उलटं चढतं. पुढं सुई मोकळी झाली की ते सगळं एका दमात आत. म्हणून सलाइनच्या नळीत उलटं न जाऊ देणारी झडप लावायची.

अन् दादा, तुम्हाला एक शब्द देते: ‘पळणं’. सलाइन पळायला लागली, असं आम्ही म्हणतो. पंप ढकलत नसताना औषध आपोआप जायला लागलं, तर ते ‘पळालं’. ‘अनियंत्रित प्रवाह’ वगैरे लिहू नका, कुणी वाचणार नाही.

निवृत्त मास्तर

‘पळणं’ उत्तम. पण नुसत्या उंचीनंही पळतं ना? सायफनसारखं? पाठ्यपुस्तकात त्याला ‘वक्रनलिका’ होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

गोदाकाठी

हो. सिरिंज पंपात मोटर सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलते. तो दट्ट्या खाचेत नीट बसला नसेल आणि पंप पेशंटच्या मीटरभर वर असेल, तर एवढा पाण्याचा स्तंभ पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटर दाबानं दट्ट्याला ओढतो. मोटर जागच्या जागी आणि सिरिंज रिकामी. आमच्या शहरातल्या जुन्या पाणचक्कीतही लोक सायफन दाखवतात. तिथं पाणी खाली उतरून नळातून पुन्हा वर चढतं, तो उलटा सायफन, त्यात ओढ लागत नाही. पंपातली गोष्ट ओढीची आहे, म्हणून मी नुसतं "पंप खाटेच्या पातळीला ठेवा" लिहितो.

हवेचं मात्र आमच्या गल्लीत कुणाला समजवावं लागत नाही. आठ दिवसांनी नळ सुटतो तेव्हा आधी फुसफुसतो, मीटर फिरतं आणि बादलीत काही नाही. पंपातही तसंच: मोजणी चालू, आत गेली हवा. कातडीखाली छोट्या बुडबुड्यानं फारसं बिघडत नाही, पण 10 मायक्रोलिटरचा बुडबुडा म्हणजे एक युनिट मिळालंच नाही. ‘पंपानं हवा धरली’ असं लिहू का?

रिवायंडिंगवाला

लिहा की. उदगीरपासून मुंबईपर्यंत समजतंय.

वॉर्ड नंबर तीन

शेवटचं एक. कडी लागली म्हणजे पेशंट वाचला, असं समजू नका. रक्तदाब टिकवायचं नॉरअॅड्रेनलिन थांबलं तर एकदोन मिनिटांत दाब कोसळतो. इन्सुलिन पंप थांबला तर टाइप 1 मधुमेहाच्या माणसाला काही तासांत त्रास सुरू होतो. पळालं तर वाईट, थांबलं तरी वाईट, फक्त घड्याळ वेगळं. म्हणून ‘सुरक्षित’ हा शब्द पत्रकात दिसला तर मी पेन घेऊन खोडणार.

गोदाकाठी

सुधारलेला मसुदा असा:

"या पंपात दोन लोटत्या झडपा व एक कडीची झडप आहे. वीज गेली किंवा बिघाड झाला की कडीची झडप मिटते. औषध पळत नाही, पण मिळतही नाही. गजर वाजतो."

‘झडप’ ठेवली, गुरुजी, माफ करा, ‘कवाड’वर बाकीचे तिघं हसले. ‘बंद’ एकदाही नाही.

आईला पुन्हा वाचायला दिलं. तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "कळलं सगळं. पण गजर वाजल्यावर मी काय करायचं, ते कुठाय?"

ते पान उद्या टाकतो. सिस्टर, तुम्ही आधी बघा.