विमानात डबा उघडायचा की नाही?

सुदामानगरवाली:
गेल्या आठवड्यात लेकीकडे पुण्याला गेले. इंदूरहून जेमतेम सव्वा तासाचं विमान, माझी मधली सीट. पट्ट्याचा दिवा विझला तशी खिडकीशी बसलेल्या बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. कचोऱ्या, चिरलेला कांदा आणि जिरावनची कागदी पुडी. (इंदूरबाहेरच्यांसाठी: जिरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरवायचा आमचा मसाला, काळं मीठ आणि हिंग सढळ हाताने.) डोक्यावर हवेचा झोत चालू, त्याच्याखालीच त्यांनी पुडी सोडली आणि अर्धं जिरावन माझ्या चष्म्यावर! मला शिंका सुरू झाल्या, पुढच्या रांगेतल्या पोराने नाक धरून मागे वळून बघितलं. बाई मात्र प्रेमाने म्हणाल्या, "घ्या ना."

मी काही बोलले नाही, पण डोक्यातून जात नाही. रेल्वेत खिडकी उघडता येते, दाराशी जाऊन उभं राहता येतं. इथे १७-१८ इंचांची सीट, दोन्ही अंगांना माणसं, जायचं कुठे? दुसऱ्याच्या नाकाचाही विचार करावा की! खाऊ नका म्हणत नाही. दशमी खा, चिवडा खा, केळं खा. आमची आजी प्रवासाला दशम्याच बांधून द्यायची, तिला कळत होतं. चुकतंय का माझं?

छप्पनवाला:
ताई, चुकतंय थोडं. त्याच विमानात कप नूडल्समध्ये गरम पाणी ओतून विकतात. तो वास पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत जातो, त्यावर कोणी धागा काढत नाही. विकत घेतला तर सुगंध आणि घरून आणला तर दुर्गंध, हा कुठला न्याय भिया? आणि दशमी दुधात भिजवतात ती टिकावी म्हणून. शेजाऱ्याच्या नाकाशी तिचा संबंध नाही. आजीने सोबत लसणाची चटणीही दिली असेल, पैज लावा.

सुदामानगरवाली:
द्यायची. पण ती खंडव्याला जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीत, खिडक्या सताड उघड्या!

हँगरवाला:
सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत झाली, म्हणून थोडं सांगतो. केबिनमधली साधारण अर्धी हवा बाहेरून येते, उरलेली आतलीच गाळून परत सोडतात. ती गाळणी, म्हणजे हेपा फिल्टर, धूळ आणि जंतू अडवते. वास वायुरूप, तो आरपार जातो. पण सगळी हवा दोन-तीन मिनिटांत बदलते, त्यामुळे डबा मिटला की वास ओसरतो. छळतात ते डबा वीस मिनिटं उघडा ठेवून गप्पा मारणारे. शिवाय हवा छताकडून पायांकडे वाहते, विमानाच्या लांबीने फार फिरत नाही. त्रास मुख्यतः त्या रांगेला आणि मागच्या-पुढच्यांना. 'पहिल्या रांगेपासून शेवटच्या' हे जरा फुगवलेलं आहे.

छप्पनवाला:
साहेब, ट्रॉली फिरते ना. वास तिच्यासोबत फिरतो.

हँगरवाला:
हे मान्य.

दमेकरी:
कचोरीने मला काहीही होत नाही. सकाळच्या विमानाला डिओची बाटली अंगावर रिकामी करून येणाऱ्यांनी होतं. मागच्या खेपेला इनहेलर काढावा लागला. त्यांना कोणी गावंढळ म्हणत नाही, कारण बाटली महागाची. बूट काढून पाय पुढे सरकवणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही, त्यांच्यापुढे कांदा म्हणजे चंदन.

देवासची सून:
माझे सासरे ७४व्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले. मधुमेह आहे, वेळेवर खावं लागतं. विमान दोन तास उशिरा. विमानतळावर सँडविचचा भाव बघून त्यांनी काढलेलं पाकीट परत खिशात ठेवलं. वर गेल्यावर मेथीचे पराठे काढले, लोणच्याची एक फोड. पलीकडच्या मुलीने हवाईसुंदरीला बोलावून वासाची तक्रार केली. ती बिचारी काहीच बोलली नाही, पण सासऱ्यांनी ऐकलं होतं. डबा मिटला, पिशवीत घातला, पिशवी पायाशी ढकलली. उतरेस्तोवर पुन्हा हात लावला नाही. साखर उतरून बोटं थरथरायला लागली तेव्हा मी जबरदस्तीने पेढा तोंडात घातला. ताई, तुम्ही बोलला नाहीत ते बरं केलंत.

सुदामानगरवाली:
वाचून वाईट वाटलं. त्या मुलीला दोन शब्द सुनवायला हवे होते. तरी मेथीचा पराठा आणि कच्चा कांदा मी एका तागडीत तोलणार नाही. आमच्या ह्यांनाही मधुमेह आहे, त्यांच्यासाठी मी फुटाणे आणि खाकरा नेते. पथ्य सांभाळता येतं, शेजारणीला शिंकायला न लावता. माझा हट्ट एवढाच की उघडण्याआधी मधल्या सीटवालीला विचारा, "चालेल ना?"

सराफ्यातला पाहुणा:
विचारल्यावर "नाही चालणार" कोण म्हणतं? तुम्ही तरी म्हणाला असता का? मग विचारायचं नाटक कशाला.

मूळ मुद्दा सगळ्यांच्या हातून निसटलाय. सकाळी तळलेली कचोरी डब्यात वाफ धरून दोन-तीन तासांत लिबलिबीत होते. वर जीभही धड चालत नाही. केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका, त्यात हवा कोरडी, मिठाची चव मंदावते. म्हणून तर त्या बाईंना एवढं जिरावन लागलं! कचोरी कढईपाशी उभ्याने खायची आणि मग विमानतळ गाठायचा. अपमान झाला असेल तर तो कचोरीचा.

सुदामानगरवाली:
लिबलिबीत होतीच. म्हणजे, त्यांनी "घ्या ना" म्हटल्यावर अर्धी घेतली होती मी, ते वर लिहिलं नव्हतं. नाही म्हणवेना. पण चष्म्याच्या डबीला अजून हिंगाचा वास येतोय.