मदत हवी आहे: दोन कोअरवरून चार कोअरवर गेलो तर रेंडरिंगचा वेळ खरंच निम्मा होईल का?

नमस्कार मंडळी. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. माझ्या पीसीत इंटेल कोअर आय३-७१०० प्रोसेसर आहे, म्हणजे २ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ४ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), ३.९ गिगाहर्ट्झ. रॅम ८ जीबी, एसएसडी आहे.

टाइमलाइनवर कट मारेपर्यंत सगळं ठीक चालतं. एक्सपोर्टला (म्हणजे रेंडरिंगला) लावलं की टास्क मॅनेजरमधले चारही चौकोन १०० टक्क्यांना जाऊन चिकटतात, पंखा घरघरायला लागतो आणि साधा ब्राउझरही उघडत नाही. एक तासाच्या व्हिडिओला जवळजवळ तीन तास. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसून होतो, सकाळी नवरीचे वडील पेनड्राइव्ह न्यायला येणार होते.

याच मदरबोर्डवर आय५-७५०० किंवा आय७-७७०० बसतो. दोन्हीत खरे ४ कोअर आहेत, पण आय५ला हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) नाही, त्यामुळे थ्रेड माझ्याइतकेच, ४. शिवाय त्याचा मूळ वेग ३.४. मग आय५ने कितपत फरक पडेल? माझ्या समजुतीप्रमाणे थ्रेड म्हणजे काही पूर्ण कोअर नव्हे, त्यामुळे एन्कोडिंगला (एक्सपोर्टमध्ये व्हिडिओ कॉम्प्रेस करण्याच्या कामाला) तरी फायदा व्हायला हवा. आय७ला ८ थ्रेड आहेत, पण जुना घेतला तरी बजेट ताणावं लागेल.

कोणी हा बदल स्वतः केला असेल तर आधीचा आणि नंतरचा एक्सपोर्टचा वेळ कृपया सांगा. आणि आधी रॅम १६ जीबी करावी का? एक्सपोर्ट चालू असताना ६ जीबीच्या आसपास वापरली जाते.