मदत हवी आहे: उरुशीखाली टच सेन्सर
मंडळी, मी जपानमध्ये कानाझावात असतो, इथे उरुशी शिकतोय, म्हणजे झाडाच्या चिकाची जपानी लाख. डबीच्या झाकणावर माकी-ए (ओल्या लाखेवर धातूची पूड भुरभुरून केलेली) नक्षी करून तीच टच बटण म्हणून ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला जोडायचीय, पण चांदीची पूड ओल्या लाखेवर भुरभुरली की कण सुटे सुटे बसतात आणि मल्टिमीटर कंटिन्युइटी, म्हणजे वीज सलग वाहतेय असं, दाखवतच नाही. सोन्याचा वर्ख चालेल, गाव वर्खाचंच आहे, पण परवडायला हवा ना! म्हणून खाली तांब्याची पट्टी लावून वर लाख द्यावी म्हणतो, कपॅसिटिव्ह टचला बोट धातूला लागायची गरज नसतेच. फक्त उरुशी वाळायला ७०-८० टक्के दमटपणा लागतो, त्यात तांबं खराब होईल का? आणि सोल्डरिंग आधी करू की लाख वाळल्यावर? कुणी केलंय का असं काही?