शाळेच्या भिंतीतली महायुद्धाची पाटी काढावी का?

खाडीपट्टा:
आमच्या गावची (दापोली तालुका) शाळेची जांभ्याची जुनी इमारत पाडून नवी बांधायची आहे. पडवीच्या भिंतीत हातभर संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. पाटी काढून अंगणात ग्रॅनाइटचा चौथरा, त्यावर उलटी बंदूक नि हेल्मेट, असा ठराव आलाय. मला पटत नाही, पण "इंग्रजांची पाटी कशाला जपायची?" याला काय उत्तर देऊ? आणि लढाई १९१८ ला थांबली, मग १९१९ का?

जुनेदगड:
शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ ची, पण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला, म्हणून.
पाटी सरकारने लावली, माणसं मात्र तुमची होती. अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत आणि त्यांची खरी किंमत पहिल्या दोन शब्दांत आहे: "या गावातून". राजा नाही, सेनापती नाही, गाव. आपल्या वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेवर, तरी बहुतेकदा नाव कुठे असतं? खाली लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपिंडीची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. बंदूक-हेल्मेट कुठल्याही गावात शोभेल. ही पाटी फक्त तुमच्या गावची.
गवंड्याला सांगा, पाटी उचकटू नका, भोवतालच्या चिऱ्यांसकट सोडवा. शेवाळ काढायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिड अजिबात नको, संगमरवर खातं.

माजी हवालदार:
पाटी ठेवाच, पण शेजारी नावं लावा. इराकमधल्या बसऱ्याच्या महायुद्ध स्मारकावरही आपल्या साध्या शिपायांचा पलटणीनिहाय आकडाच कोरलाय. इराकमधल्याच कुत शहरात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यात कोकणातली पोरं होती.
नावं मिळतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी नि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या नोंदींत बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका असतो. स्पेलिंग मात्र वाटेल तसं, तेव्हा गावाचं नाव चार प्रकारे टाकून बघा. दुसरं, घरोघरच्या ट्रंका उघडायला लावा. त्या महायुद्धाचं चांदीचं पदक सापडलं तर चेहरा बघत बसू नका, कड बघा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.
आणि एक कळकळीची विनंती. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली होती. पाटीवरच्या आकड्यात सगळ्या वाड्यांची माणसं एकत्र मोजलेली आहेत. तुमची यादी मराठवाडीतच संपली, तर त्या आकड्यापेक्षा ती खोटी ठरेल. बौद्धवाडीत आधी जा.