मदत हवी आहे : हैदराबाद एका दिवसात, अठरा माणसे

बाळीवेसकर : आमच्या भिशीतील अठरा जण सोलापूरहून रात्री मिनीबसने निघून सकाळी हैदराबादला पोहोचणार असून, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा आणि चारमिनार पाहून त्याच रात्री परतणार आहोत. कृपया फक्त क्रम सांगावा. हॉटेलांची यादी नको. निघायला चारच दिवस उरले आहेत.

होटगीरस्ता : वार कोणता आणि मंडळींची वये काय, हे कळल्याशिवाय क्रम कसा सांगणार? गोवळकोंड्याच्या माथ्यावरील बालाहिसार या बालेकिल्ल्यापर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आम्ही सासूबाईंना भर दुपारी चढवले, तेव्हा अर्ध्या वाटेवर बसून त्यांनी आमचा जो उद्धार केला, तो पायथ्याशी वाजवली की माथ्यावर ऐकू येणाऱ्या तिथल्या प्रसिद्ध टाळीपेक्षाही स्पष्ट वर ऐकू आला.

विजापूरवेस : एका दिवसासाठी जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर कशाला? शंभर किलोमीटरवर गोलघुमट आहे, सज्जात कुजबुजलेलेही पलीकडे ऐकू येते.

होटगीरस्ता : प्रश्न हैदराबादचा आहे. विजापूर प्रत्येक धाग्यात आणू नये.

बाळीवेसकर : विजापूर सर्वांचे दोनदा झाले आहे. शुक्रवारी पोहोचतो. सहा जण साठीपुढचे आहेत, एकीचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे.

जुनीगिरणी : हे आधी सांगायला हवे होते. शुक्रवारी सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही बंद असतात, शिवाय चारमिनारला लागूनच मक्का मशीद असल्याने दुपारी नमाजाची गर्दी असते. शनिवार करा. सकाळी उन्हाआधी गोवळकोंडा, नंतर सालारजंग. तिथल्या संगीत घड्याळातला पुतळा दर तासाला बाहेर येऊन टोले देतो, त्यामुळे बाराचीच वेळ गाठण्यासाठी धावू नये. मग चौमहल्ला, आणि तिथून चालत चारमिनार. बस जुन्या शहराच्या गल्ल्यांत नेऊ नका. दोन्ही रात्री एकच चालक गाडी चालवणार असेल, तर दुसरा सोबत घ्या.

मोतीपारखी : मोती दातावर हलके घासून पाहावा, खरा असल्यास किंचित खरखरीत लागतो.

बाळीवेसकर : मोत्यांविषयी कोणी विचारले नव्हते. बसवाल्याने शनिवार मान्य केला आहे, दुसरा चालकही देतो. गुडघेवाल्यांनी गोवळकोंड्याला खाली कुठे बसावे?

जुनीगिरणी : आत शिरल्यावर लगेच नगीना बाग आहे, तिथे बसावे. टाळी मात्र प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली उभे राहून त्यांनीच वाजवावी. वर पोहोचलेल्यांनी ऐकावी.